आबांच्या भुवया आणि भरलेलं काडतूस

आबा, तुमची-माझी तक्रार एकच: या घरात आपलं बोलणं कुणी शेवटपर्यंत ऐकत नाही. परंड्याच्या चौकात मी बोलायला लागलो की लोकांचा चहा थंड होतो. घरी पहिल्याच वाक्याला आई कुकर लावते. उद्या खंडेनवमी. पाटावर विळा, नट-बोल्टचे पाने आणि तुमचं परवान्याचं पिस्तूल मांडायचं, आणि पूजा झाली की तुमच्या डब्यातलं एक काडतूस तुमच्या नावानं उडवायचं, असं तुम्ही गेल्यावर धाकट्यानं ठरवलंय. तेच काडतूस, वापरलेल्या पितळी पुंगळीत पुन्हा दारू भरून तुमच्या दोस्तानं दिलेलं. मी त्याला सांगितलं, की पिस्तुलाचं चेंबर काडतुसाच्या मापानं कोरलेलं असतं. बार उडाला की पुंगळी फुगते आणि चेंबरची भिंत तिला सांभाळते. पण काडतूस आत सरकावं म्हणून खाली जिथं उतार दिलाय, तिथं भिंतच नाही. एकदा ताणलेलं पितळ, त्यात अंदाजानं भरलेली दारू; ते नेमकं तिथंच फाटणार. माणसंही आधार काढलेल्या जागीच फाटतात, इथवर मी आलो होतो, तर तो म्हणाला, "दादा, आबांनी उडवलंच की. काय झालं त्यांना?"

काय झालं ते आईला आणि मलाच माहीत. त्या खंडेनवमीला पूजा उरकून तुम्ही बांधावर उभे आहात. त्याच डब्यातलं काडतूस पुरतं आत जात नाही. तुम्ही म्हणता, अक्षता अडकल्यात, कारण आपल्याकडं कुंकू-अक्षता थेट नळीतच वाहायची रीत. धोतराच्या सोग्यानं पुसता. तांदूळ एकही निघत नाही. फुगलेली असते ती पुंगळी. तुम्ही तळव्यानं ठोकता. आई म्हणते, "जात न्हाय म्हणतंय, तर ऐका की त्याचं." बार होतो, मुठीतून धूर निघतो आणि तुमच्या भुवया जातात. हात राहिला हे नशीब. मग तुम्ही आम्हा दोघांना शपथ घातलीत. परवाना वाढवून घ्यायच्या फोटोसाठी आईनं काजळानं भुवया काढल्या, त्यातली एक जरा वर गेली. धाकटा त्याला तुमचा रुबाब समजतो.

हे पत्र माझ्याच खिशात राहणार. शपथ मोडून सांगितलं तरी तो म्हणेल, दादाचं भाषण. तेव्हा आबा, आज त्याच्या स्वप्नात या, काजळ पुसून. पण आधी माझ्याकडं या. काल तो काडतुसांचा डबा जमा करायला पोलीस चौकीपर्यंत गेलो आणि तसाच परत आलो. एक उडवून बघावं असं मलाही लई वाटतंय.