आक्षेपार्ह काही आढळले नाही

९ जानेवारी

चि. भिंगरीस अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. तू नोकरीत कायम झालीस हे वाचलं आणि मी शिवणवर्गातली सगळी मशिनं बंद करायला लावून मुलींना बातमी सांगितली. आम्ही बहिऱ्या बायका आनंद झाला की टेबल बडवतो, हे तुला माहीत आहेच. खालचा दुकानदार घाबरून वर आला, त्याला वाटलं छत कोसळतंय. तुझी आई शेजारीपाजारी सांगत सुटली आहे की माझी मुलगी इंटरनेटची राखण करते. राखण म्हणजे रात्रपाळी असते का, असं कोणीतरी विचारल्यावर मात्र तिला एकदम चुलीवरचं दूध आठवलं.

व्हिडिओ कॉल कर म्हणतेस, पण इथे चित्र मधेच अडकतं, माझे हात हवेत लटकतात आणि तू भलताच अर्थ काढतेस. मागच्या वेळी मी मशीन बिघडलं म्हणत होते आणि तू मला डॉक्टरकडे जायला सांगत होतीस. तू हॉस्टेलवर गेलीस तेव्हापासून आपल्याला कागदाची सवय आहे, तीच बरी.

आता एक गंमत आणि एक काळजी. तुमच्या कंपनीच्या अ‍ॅपवर मी खुणांच्या भाषेत शिवणकामाचे व्हिडिओ टाकते ना, त्यातले कॉलर लावण्याचे आणि काजं करण्याचे व्हिडिओ ‘अश्लील हावभाव’ म्हणून काढून टाकले आहेत. या वयात माझे हावभाव अश्लील ठरले. रागवावं की लाजावं तेच ठरत नाहीये.

काळजी मिरीची आहे. मिरी माझ्या वर्गातली सगळ्यात लहान, सतरा वर्षांची, जन्मापासून बहिरी. अंगाने एवढीशी आणि स्वभावाने झणझणीत, म्हणून ते नाव. त्या अ‍ॅपवर तिची एका माणसाशी ओळख झाली. खुणा अगदी सफाईने करतो. त्याने भेटायला बोलावलं, ती नाही म्हणाली. तेव्हापासून तो व्हिडिओ टाकतो आहे. बघणाऱ्याला वाटेल, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस गप्पा मारतोय. ज्याला खुणा कळतात त्यालाच कळतं तो काय म्हणतोय ते. तुझ्या चेहऱ्याचे खोटे फोटो तयार केले आहेत, आली नाहीस तर तुझ्या शाळेत आणि बापाच्या कारखान्यात पोचवीन, असं म्हणतोय.

मिरीने तक्रारीचं बटण दाबलं. उत्तर आलं, ‘तपासले. आक्षेपार्ह काही आढळले नाही.’ पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. आम्ही पोलिसांकडे गेलो, तर त्यांनी कागदावर लिहून दिलं की तो काय बोलतोय हे कोणीतरी जाणकाराने अधिकृतपणे सांगायला हवं. मिरीचे वडील म्हणतात, वर्ग बंद आणि फोनही बंद. गुन्हा त्याचा आणि कोंडून ठेवायचं हिला.

तू तिथेच बसतेस. दाब बाई ते काय बटण असेल ते.

बाकी सगळं क्षेम आहे. माझा जीव तुझ्यात आणि मिरीत वाटला गेलाय, तेवढा सांभाळ.

तुझी मावशी

*

१८ जानेवारी

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी जेवणाची सुट्टी तशीच घालवली. मावशी, ते बटण खरंच माझ्यासमोर आहे, पण मला ते दाबता येत नाही. ओळखीच्या माणसाच्या तक्रारीला हात लावायचा नाही, असा आमचा नियम आहे आणि तो बरोबर आहे. आज मी मिरीसाठी एक खातं बंद केलं, तर उद्या कोणी आपल्या मेव्हण्याच्या भांडणापायी भलत्याच माणसाचं तोंड बंद करेल.

पण मी गप्प बसलेले नाही. तुझं पत्र घेऊन त्याच दिवशी आमच्या प्रमुख बाईंकडे गेले. मग उलगडा झाला. तक्रार आली की मशीन आधी भाषा ओळखतं आणि त्या भाषेच्या माणसाकडे पाठवतं. खुणांचा व्हिडिओ आला की ते ‘भाषा नाही’ असं ठरवतं. मग तो ज्याच्याकडे जातो त्याला दिसतो एक हसरा माणूस आणि ऐकू येते पंख्याची घरघर. तो तरी काय आक्षेप घेणार? आणि तेच मशीन कॉलर लावणाऱ्या तुझ्या बोटांना शिव्या समजतं. माझ्या मागच्या टेबलावर एक चष्मिष्ट प्रोग्रॅमर बसतो, माझ्याच बरोबर नोकरीला लागलेला. त्याला हे सांगितलं तर त्याने हातातलं काम बाजूला ठेवून विचारलं, असे आणखी किती व्हिडिओ गेले असतील?

बाईंनी मला एक प्रश्न विचारला, तो मला झोंबला. म्हणाल्या, तू या मुलीच्या शिक्षिकेची भाची, तू केलेल्या भाषांतरावर कोणी का विश्वास ठेवावा? रडू आलं, पण त्यांचं चुकलं नव्हतं. त्यांनी बाहेरचे दोन दुभाषे बोलावायचं ठरवलं आहे. तुम्हाला आणि त्या माणसाला न ओळखणारे, आणि एकमेकांचं भाषांतर न बघता काम करणारे. याला वेळ लागेल.

तोवर मिरीने त्याला उत्तर द्यायचं नाही आणि काहीही पुसायचं नाही. तिच्या वडिलांना सांग, फोन हिसकावून घेतलात तर पुरावाच हातचा जाईल.

माझ्यावर चिडणार आहेस हे ठाऊक आहे. चीड, पण पत्र टाक.

तुझीच भिंगरी

*

२५ जानेवारी

चि. भिंगरी,

तुला बोलता येण्याआधी खुणा येत होत्या. माझ्या मांडीवर बसून तू पहिल्यांदा पाणी मागितलंस ते हातांनी. तुझ्या आईला कळलं नव्हतं, मला कळलं होतं. आणि आता तू मला नियम शिकवतेस.

मिरी वर्गाला येत नाही. मी घरी गेले तर तोंड फिरवून बसली. बहिऱ्या माणसाने तोंड फिरवलं की त्याच्याशी बोलायचे सगळे रस्ते बंद होतात. फोन मात्र वडिलांनी ठेवू दिला आहे, तुझा निरोप त्यांना पटला.

दुभाषे येऊ देत. या पत्राला लोभबिभ काही जोडत नाही.

मावशी

*

१४ फेब्रुवारी

ती. मावशीस शि. सा. न., रागासकट. वि. वि.

आधी बातमी, मग बाकीचं. त्या माणसाचं खातं बंद झालं. त्याचे सगळे व्हिडिओ पुरावा म्हणून जपून ठेवले आहेत आणि आमच्या कायदा विभागाने तुमच्याकडच्या पोलिसांशी रीतसर संपर्क साधला आहे.

आता कसं झालं ते ऐक. बाईंच्या परवानगीने चष्मिष्टाने काढून टाकलेले व्हिडिओ शोधून काढले. मावशी, तू एकटी नाहीस. गणित शिकवणारे मास्तर, बाळाला गोष्ट सांगणारी आई, दोन प्रेमात पडलेली माणसं, सगळे अश्लील! हे सगळं घेऊन आम्ही वरिष्ठांच्या बैठकीला गेलो. काचेची खोली, लांबलचक टेबल, आणि थंडी अशी की दात वाजावेत. एक मोठे साहेब सभ्यपणे म्हणाले की प्रश्न गंभीर आहे, पण अशी माणसं मूठभर, त्यांच्यासाठी वेगळी माणसं नेमणं या वर्षी तरी जमणार नाही.

मी मुद्दे पाठ करून गेले होते. ऐन वेळी त्यातला एकही आठवेना. आणि माझे हात आपोआप वर आले. मी खुणांनी बोलले. सगळे बघत राहिले. बाई म्हणाल्या, आता आम्हाला कळेल असं सांग. तेव्हा मी म्हटलं की मी आत्ता, इमारतीला आग लागली आहे, पळा, असं सांगितलं आणि तुमच्यापैकी एकही माणूस खुर्चीवरून हलला नाही.

मग चष्मिष्टाने त्या माणसाचा व्हिडिओ लावला आणि तो काय म्हणत असेल असं विचारलं. एक जण म्हणाला, वाढदिवसाच्या शुभेच्छा देत असेल. त्यावर दोन्ही दुभाष्यांची भाषांतरं वाचून दाखवली. दोघांचा मजकूर जवळजवळ शब्दाला शब्द जुळत होता. साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. त्यांनी एवढंच विचारलं की याच्याबद्दल आणखी कोणी तक्रार केली होती का. केली होती, मावशी. वेगवेगळ्या गावांतल्या बहिऱ्या मुलींनी. सगळ्यांना तेच एक उत्तर गेलं होतं आणि बाकीच्या गप्प झाल्या होत्या. मिरी तेवढी पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिली, म्हणून हे उजेडात आलं. हे तिला सांग. मी सांगितलं म्हणून नको, खरं आहे म्हणून सांग.

खुणांची भाषा जाणणारी बहिरी माणसंच आता आमच्याकडे नेमणार आहेत. बाईंनी सगळ्यांना कळवताना आम्हा दोन नवख्यांचा उल्लेख केला. त्या संध्याकाळी घरी जाताना मी बसमध्ये स्वतःच्या हातांकडेच बघत होते. ते तू दिलेले आहेत.

तुझ्या अक्षराची वाट बघणारी,
भिंगरी

*

६ मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ. आणि गेल्या पत्रात राहिलेले सगळे आशीर्वाद.

तुझी आग मी वर्गात तीनदा सांगितली. टेबलाचा एक पाय निखळला. तुझ्या आईने तर ते पत्र माझ्याकडून काढून घेतलं आणि अजून परत दिलेलं नाही.

मिरीचा जबाब झाला. पोलिसांनी दुभाषी बाई बोलावली होती. मी एका बाजूला आणि तिचे वडील दुसऱ्या बाजूला. भला माणूस आहे, पण मुलीशी बोट दाखवून आणि मान हलवून जेवढं होईल तेवढंच बोलत आलेला. मिरी हातांनी सांगू लागली आणि दुभाषी बाई ते मोठ्याने बोलू लागली. मिरी थांबेना. काय झालं, कधी झालं, आपण कशा घाबरलो, कोणाला सांगावंसं वाटत होतं आणि का सांगता आलं नाही. मी वडिलांचा चेहरा बघत होते. सतरा वर्षांत पहिल्यांदा ते आपल्या मुलीचं बोलणं सलग ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी ते शिवणवर्गात आले. कागदावर लिहून विचारलं की ‘तुझी चूक नव्हती’ हे खुणांनी कसं म्हणायचं. मी शिकवलं. यंत्रावर काम करून जाड झालेली बोटं ती, वळता वळेनात. घरी जाऊन त्यांनी जे काही केलं त्याचा अर्थ ‘तुझा चमचा नव्हता’ असा झाला म्हणे. मिरी आधी हसली, मग रडली. सोमवारपासून वर्गाला येते आहे.

त्या माणसाला पकडलं आहे. पुढे कोर्टात काय व्हायचं ते होईल, मिरी उभी राहायला तयार आहे.

नियमाबद्दल मी जे लिहिलं होतं ते तू मनावर घेतलं नाहीस, हे बरं केलंस. तू बटण दाबलं असतंस तर एक मिरी सुटली असती.

माया कमी पडली तर कळव, इथे साठा आहे.

तुझी मावशी

*

२० एप्रिल

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

आमच्या खोलीत दोन नवे सहकारी आले आहेत, दोघंही बहिरे. त्यातल्या बाईंनी पहिल्याच दिवशी माझ्या खुणा बघून विचारलं की मी कुठल्या आजीबाईंकडून शिकले. माझ्या कितीतरी खुणा म्हणे आता कोणी वापरत नाही. मी तुझं वय सांगितलं नाही, निश्चिंत राहा. चष्मिष्टही शिकतोय. काल त्याने मला चहाला बोलवायच्या ऐवजी आंघोळीला बोलावलं.

तुझे व्हिडिओ परत आले असतील. तो निर्णय त्या दोघांनी घेतला, मी खोलीबाहेर होते. काही जुने व्हिडिओ मात्र कायमचे गेले, त्याबद्दल वाईट वाटतं. मशीन अजूनही चुकतं, पण आता त्याचे कान धरणारी माणसं जागेवर आहेत.

एक विचारायचं आहे. आमचा विभाग बहिऱ्या मुलांच्या शाळांमध्ये जाऊन तक्रार कशी करायची, पुरावा कसा ठेवायचा ते सांगणार आहे. बाईंना वाटतं, हे मुलींनीच मुलींना सांगावं. मिरीची इच्छा असेल तरच, आणि स्वतःविषयी किती सांगायचं ते तिने ठरवायचं. तिला विचारशील?

तुझी, चालू फॅशनच्या खुणा शिकणारी,
भिंगरी

*

११ जून

चि. भिंगरीस अ. उ. आ.

आजीबाईंकडून म्हणे! भेट तू, मग कान पिरगाळते. ती खूण अजून जुनी झालेली नाही.

मिरीने हो म्हटलेला तो कार्यक्रम काल झाला. शाळेचं सभागृह मुलींनी गच्च भरलं होतं. तुझे दोन्ही सहकारी व्यासपीठावर होते आणि मधे आमची मिरी. तिचे वडील, तुझी आई आणि मी मागच्या बाकावर. मिरीने सगळं नीट सांगितलं. धमकी आली तर काही पुसायचं नाही, एकट्याने सोसायचं नाही, भरवशाच्या मोठ्या माणसाला सांगायचं, आणि उत्तर चुकीचं आलं तर पुन्हा विचारायचं. वडील मधेमधे मला कोपराने ढोसून विचारत होते, ही काय म्हणाली? पण हळूहळू विचारणं कमी झालं, त्यांना बरंच कळत होतं.

शेवटी पुढच्या रांगेतली एक चिमुरडी उठली. तिने विचारलं, तुला भीती नाही वाटली? मिरी म्हणाली, वाटली. पहिल्यांदा बटण दाबताना वाटली आणि शेवटच्या वेळीही वाटली. भीती जायची वाट बघत बसले असते तर अजून घरातच असते.

आम्ही बहिरे लोक टाळ्या वाजवत नाही, दोन्ही हात वर करून हलवतो. सगळं सभागृह हातांनी भरून गेलं. आणि त्या शांततेत तुझी आई एकटीच टाळ्या वाजवत होती! मला ऐकू आलं नाही, पण पुढच्या दोन शिक्षिका वळून बघायला लागल्या म्हणून कळलं. तिने इकडेतिकडे पाहिलं, टाळी अर्ध्यावर थांबवली आणि तिनेही हात वर केले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पुसायला हात मोकळे नव्हते. शेजारच्या अनोळखी बाईकडे वळून ती काय म्हणाली ते मी तिच्या ओठांवरून वाचलं. माझी मुलगी यांच्याबरोबर काम करते, असं म्हणाली. राखण वगैरे काही म्हणाली नाही.

आणि मी? मी हात इतके उंच केले की बाहीची शिवण काखेत टर्रकन उसवली. शिवण शिकवणाऱ्या बाईची बाही! भर सभेत! तरी मी हात खाली घेतले नाहीत.

आता लिहून लिहून बोटं दुखली. ती बोटं म्हणजेच माझी जीभ, तिला उद्या वर्गात बडबडायचं आहे. तेव्हा पुरे. आमचा अभिमान सोबत पाठवते आहे, जड आहे, दोन्ही हातांनी घे.

तुझी मावशी