आतल्या खोलीतलं ‘आलोच’

४ ऑक्टोबर
पोचलो एकदाचे! मशीन शाबूत आहे, नवरा शाबूत आहे, फक्त कपबशांचं खोकं वाटेत कामी आलं. खोली वरच्या मजल्यावर, दोन मोठ्या खिडक्या, भरपूर उजेड. शिवणाऱ्या बाईला आणखी काय हवं? खाली अंगण आणि अंगणापलीकडे प्रार्थनेचं सभागृह. दोघांनाही काम तिथलंच मिळालंय. आमच्या सुतारबुवांनी बाकं दुरुस्त करायची आणि सभागृहामागच्या आतल्या खोलीला नवं दार बसवायचं. मी सगळ्या मंडळीसाठी पांढरे झगे शिवायचे, प्रभू परत येईल त्या दिवशी घालायला. ‘मंडळी’ म्हणजे इथे सगळे श्रद्धावंत. नवरा म्हणतो, त्याला आपली एकच मंडळी पुरून उरते.

पाळकसाहेब किडकिडीत आणि हसतमुख आहेत. मी विचारलं, तो दिवस नक्की कधी, कारण मुलं वाढतात, मापं बदलतात. ते म्हणाले, ते देवबापाशिवाय कोणालाच ठाऊक नाही, तेव्हा लहानांच्या झग्यांना दुमड जरा जास्तच ठेवा. माणूस आवडला मला.

७ ऑक्टोबर
आज उपदेश ऐकला. नमनालाच घडाभर तेल, पण पुढे रंगला. देवाचं राज्य आलेलं आहे आणि तरीही यायचं आहे, असं पाळकसाहेब परत परत सांगत होते. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांच्या डोक्यावरून गेलं. मला मात्र चटकन कळलं. नंतर मी त्यांना म्हटलं, यात अवघड काय आहे? आमच्या ह्याला जेवायला हाक मारली की न्हाणीघरातून ‘आलोच’ म्हणतो. म्हणजे आला पण आणि यायचा पण.

ते खूप हसले. पुढच्या उपदेशात घेतो म्हणाले. मग हसू ओसरलं आणि त्यांनी विचारलं, तो आतल्या खोलीपाशी काम करत असतो तेव्हा त्याला हाक मारता का? म्हटलं, मी नाही मारणार तर कोण? त्यावर ते म्हणाले, तिथे हाक मारू नका, जाऊन खांद्याला हात लावा. देवमाणसांची तऱ्हाच वेगळी.

९ ऑक्टोबर
बारा झगे बेतून झाले. नवऱ्याने जुनं दार उतरवलं. म्हणतो, लाकूड फुगलं तर दोन्हीकडून फुगतं. हे नुसतंच बाहेरच्या बाजूला पोक काढून आलंय, कुणीतरी आतून वर्षानुवर्षं रेलल्यासारखं. खोलीत काही नाही. खिडकीसुद्धा नाही.

११ ऑक्टोबर
दुपारी जेवण गार होत होतं म्हणून सभागृहाच्या दारातून हाक मारली. अरे, ये की! आतल्या खोलीतून उत्तर आलं, ‘आलोच’. मी दारातल्याच बाकावर टेकले. बराच वेळ गेला. मनात चार शिव्या हासडल्या, आणि मागून रस्त्यावरून नवरा आला, हातात बिजागऱ्यांचा पुडा. दुकानात गेला होता. मी विचारलं, बाहेर कुठून पडलास? सभागृहाला दार एकच आहे आणि मी त्यातच बसले होते.

तो म्हणाला, भिंतींचा आवाज घुमला असेल. मीही हो म्हटलं. पण भिंत मी बोलले तेच परत बोलेल ना? मी ‘ये’ म्हटलं होतं.

१३ ऑक्टोबर
सभागृह झाडणाऱ्या मावशींना विचारलं. त्यांनी केरसुणी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. शेवटच्या काळात लोक म्हणतील की प्रभू आतल्या खोलीत आहे, तर खरं मानू नका, असं त्यानेच बजावून ठेवलंय. पाळकसाहेबांचे वडील इथे पाळक होते. ते म्हणायचे, आतल्या खोलीत कुणी नसतंच, तर प्रभूने एवढं कशाला बजावलं असतं?

मावशी म्हणाल्या, आत जे आहे त्याला ‘आलोच’ एवढाच एक शब्द येतो. आपण ज्याला बोलावू त्याच्या आवाजात ते ओ देतं. आणि अगदी जवळून ‘ये’ म्हटल्याशिवाय ते समोर येत नाही. खरा राजा असा दाराआडून ओ देत नाही, तो वीज चमकावी तसा येईल, आंधळ्यालाही दिसेल. मावशींनी लहानपणी आपल्या भावाला तिथे हाक मारली होती. भाऊ तेव्हा नदीत बुडून गेलेला होता. मग त्यांनी केरसुणी परत उचलली.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. नवऱ्याला म्हटलं, आजच निघू. तो म्हणतो, दार बसवून होऊ दे, अर्धं काम टाकून गेलो तर सुतार कसला. पालथ्या घड्यावर पाणी.

१६ ऑक्टोबर
रंधा कालपासून जिथल्या तिथे आहे. हा आतल्या खोलीत जमिनीवर बसून असतो. जन्मात कधी प्रार्थना न केलेला माणूस! मला समजावतो की राजा गाजावाजा करूनच येईल असं कशावरून, आपल्या माणसासारखा गुपचूप का नाही येणार? मी खांद्याला हात लावला, ओढलं. तो हसला. म्हणाला, तू आत्ताच तर आतून ‘आलेच’ म्हणालीस.

म्हणजे तो मला बोलावत होता. तिथे. मी इथे वर काजं करत बसले होते आणि तो मला तिथे —

मला फार भीती वाटते. त्याची नाही. त्याच्यासाठी.

१८ ऑक्टोबर
दार बसलं. सुरेख बसलंय, फट नाही कुठे. कडी त्याने आतून लावली आहे.

हाक मारू नका म्हणून पाळकसाहेबांनी माझं तोंड हाताने दाबून धरलं. मावशीही होत्या. पुरुषांनी पहारीने दार काढलं. आत पटाशी होती. भुसा होता. तो नव्हता.

१९ ऑक्टोबर
प्रार्थना करा, पण त्याचं नाव घेऊ नका, असं पाळकसाहेब म्हणतात. मग प्रार्थना करायची कशी? माणसाचं नाव न घेता देवाकडे मागायचं काय?

मशीन चालवत राहिले. दातांत कापड धरून.

२० ऑक्टोबर
मी हाक मारली नाही. शपथेवर सांगते, ओठसुद्धा हलवले नाहीत. नुसतं मनात आलं, ये रे. भर उन्हात अंगणातून —

‘आलोच.’

मावशी माझ्याजवळ बसल्या होत्या. त्यांना त्यांच्या भावाचा आवाज ऐकू आला.

दुपार
सगळ्यांना ऐकू येतंय. ज्याला त्याला आपापलं. मनातली हाकही पोचते, आणि इथली माणसं तर जन्मभर मनात ‘ये, ये’ म्हणत बसली आहेत. झगे घेऊन गेले. काहींना बाह्या नाहीत, काहींना कॉलर नाही, तसेच घालून अंगणात उभे. पाळकसाहेब ओरडत होते, हा तो नव्हे, वीज कुठे आहे, आकाशाकडे बघा! मग एकदम थांबले. मान वळवली. आणि लहान मुलासारखं म्हणाले, आई?

२१ ऑक्टोबर
अंगण रिकामं. झगे पडलेत. मावशीही —

जिन्यावर पावलं. त्याचीच. डावा पाय किंचित घासत.

दारापाशी आहे. ताज्या लाकडाचा वास येतोय. ढकलत नाही. वाट बघतंय. मी ‘ये’ म्हणेपर्यंत उभं राहील, किती का दिवस होईनात.

मला सगळं कळतंय. हा तो नाही. राजाही नाही. राजा आभाळातून येईल, त्याला माझ्या हाकेची गरज नाही. तोवर कळ काढायची. एवढंच करायचं आहे मला. कळ काढायची आणि गप्प —

खोकला. अगदी तसाच.

देवा, मला राज्य नको. मला तो हवाय. बसल्या जागी भुसा सांडणारा, उशिरा येणारा, माझा. तू कधी येशील ते तुझं तुला ठाऊक. हा आत्ता आलाय.

कडीवर हात ठेवलाय मी. लिहितेय डाव्या हाताने. म्हणते आता. असशील तसा ये रे, ये, मी उघड