लवणातलं तळं आणि दोन कोऱ्या ओळी

अल्लाहचं नाव घेऊन सुरुवात करतो.

मी, याकूब बाबालाल शिकलगार, वय वर्षे ७१, धंदा वेल्डिंग, राहणार मौजे डोहवाडी, तालुका पलूस, जिल्हा सांगली, ही वसीयत म्हणजेच मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गावात काही जणांचं मत वेगळं आहे, पण त्यांच्याकडे दाखला नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. नशेचं विचाराल तर दिवसाला सहा कप चहा.

कायद्याची भाषा वकील विश्वजीत माने यांची आहे. विश्वजीत आमच्याच गावचा, त्याची पहिली सायकल मीच जोडून दिली होती. त्यामुळे त्याने खोडायला सांगितलेली चार वाक्यं मी तशीच ठेवली आहेत.

कलम १. माझी पत्नी मेहरून २०२१ साली वारली. मला दोन अपत्यं. मुलगा राहील, पुण्याला कंपनीत सुपरवायझर. मुलगी जरिना, दिली दापोलीकडे, खाडीकाठच्या गावात. यांच्याशिवाय मला वारस नाही.

कलम २. राहतं घर, दुकानाची जागा आणि वरच्या अंगाचं बावीस गुंठे रान शरियतीप्रमाणे मुलाला दोन वाटे, मुलीला एक. यात मी ढवळाढवळ करत नाही. फक्त दारातलं लिंबाचं झाड जरिनाचं समजावं. ते तिने तिसरीत असताना लावलं होतं. राहीलने तिथे गाडी लावायला म्हणून ते तोडू नये.

कलम ३. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, ऐरण आणि लहानमोठे हातोडे पूजा कोंडीबा चव्हाण हिला. पूजा तीन वर्षं माझ्या दुकानात शिकली. पहिल्या दिवशी तिचे वडील कोंडीबा म्हणाले होते, "चाचा, पोरीच्या जातीला ह्ये जमंल व्हय?" आता त्यांच्याच ट्रॉलीचा हूक तिने जोडला आहे आणि तो माझ्या जोडापेक्षा सरळ आहे. मोठा हातोडा मात्र तिने कोणाला उसना देऊ नये. मी दिला होता, तो नऊ वर्षांनी परत आला.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. ओढ्याकडेचं वीस गुंठे सखल रान, ज्याला गाव लवण म्हणतं. इथे आठ महिने पाणी असतं, पाणकणीस माजतं, बगळे आणि जांभळ्या पाणकोंबड्या असतात. माझ्या वडिलांनी त्यात कधी पेरलं नाही. ते म्हणायचे, "ओढ्याला बसायला जागा लागती रं."

मला ते वाया गेलेलं रान वाटायचं. सगळ्यांच्या उसाला तुरे आणि माझ्या रानात बेडूक. २००८ साली मी मुरूम टाकून लवण बुजवलं. राहील तेव्हा एकोणीस वर्षांचा. दीड महिना रोज ट्रॅक्टर चालवून त्याने मुरूम ओढला, पाठ सोलून निघाली, पण कुरकुर केली नाही. पहिला ऊस उभा राहिला तेव्हा गावात मी छाती काढून फिरलो.

दुसऱ्या पावसाळ्यापासून ओढ्याचं पाणी शाळेच्या वर्गांत शिरायला लागलं. दर वर्षी. मी म्हणायचो, पाऊसच वाढलाय. कृष्णेचा महापूर माझ्या वीस गुंठ्यांनी अडेल असा दावा मी आजही करत नाही. पण हे ओढ्याचं पाणी माझ्या रानात बसायचं, ते आता पोरांच्या बाकांवर बसत होतं. हे मला तेरा वर्षं कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

मेहरून गेल्यावर महिनाभर जरिनाकडे राहिलो. तिथे बायका आणि पोरं गुडघाभर चिखलात उतरून कांदळवनाची रोपं लावत होती. माझी नात अर्फा तेव्हा सात वर्षांची. मी तिला म्हटलं, "चिखलात कशाला लोळतेस गं?" ती म्हणाली, "नाना, वादळाचं पाणी आलं की हा चिखलच त्याला धरतो. तुमच्याकडे कोण धरतं?" परतीच्या एसटीत चिपळूणपासून कराडपर्यंत तेच डोक्यात होतं.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी, कोरोनात वर्ग बंद म्हणून ओढ्याकाठी शिकवणाऱ्या आमच्या शाळेच्या संयोगिता बाई चौथीची पोरं घेऊन दुकानात आल्या. पोरांनी ओढ्यात काठ्या रोवून पाणी मोजलं होतं. अंकिता नावाची पोरगी वही उघडून म्हणाली, "चाचा, पाणी तुमच्या उसापाशी अडतंय आन् आमच्या शाळंत वळतंय. आमी तीनदा मोजलं." मी तिच्यावर ओरडलो. ती रडली नाही, वही पुढे धरून उभी राहिली. त्याबद्दल मी तिची नंतर माफी मागितली, ती इथेही नोंदवतो.

२०२२ च्या उन्हाळ्यात ऊस तुटल्यावर लवण पुन्हा उकरलं. अर्धं जेसीबीने, अर्धं गावाने. आयांनी मातीच्या पाट्या वाहिल्या, पोरांनी नदीकाठचं पाणकणीस आणून लावलं. पहिल्या पावसात तळं भरलं आणि शाळेची पायरी कोरडी राहिली. त्या दिवशी बाईंनी वर्ग सोडून दिला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी पोरांबरोबर चिखलात नाचलो. इतका आनंद मला पहिल्या उसाला झाला नव्हता.

तेव्हापासून दर शनिवारी सकाळी तळ्यावर शाळा भरते. पोरं पक्षी मोजतात, पिंपांच्या सांगडीवर तरंगायला शिकतात. मध्ये मी लोखंडी खांब रोवला आहे, त्यावर पांढरे, पिवळे, लाल पट्टे. पिवळ्याला पाणी लागलं की ओढ्यापलीकडच्यांनी जनावरं सोडायची, लाल लागलं की माणसांनी निघायचं. २०२४ च्या जुलैत पहाटे अंकितानेच पिवळा बुडालेला पाहून शाळेची घंटा बडवली. सतरा घरांची जनावरं वेळेत वर आली. एक कोंबडा हरवला, तोही तिसऱ्या दिवशी देवळाच्या छपरावर सापडला.

हे लवण माझ्यामागे डोहवाडी तळे मंडळाला, म्हणजे गावच्या नोंदणीकृत मंडळाला, मिळावं. ते कोणी बुजवू नये. फरशीचा घाट बांधू नये. माझ्या नावाची पाटी लावू नये, पक्ष्यांना वाचता येत नाही.

कलम ५. इथे अडचण आहे. आमच्यात वसीयत एकूण मालमत्तेच्या एक तृतीयांशापुरतीच चालते. पलीकडून नवा रस्ता गेल्यापासून लवणाचा भाव चढला, ते एक तृतीयांशात बसत नाही. वारसांनी संमती दिली तरच चालेल, आणि ती संमती मी गेल्यावर दिलेलीच धरतात. आज दिलेली बंधनकारक नाही. म्हणजे माझ्या मुलांनी काय ठरवलं ते मला कधीच समजणार नाही.

विश्वजीत म्हणाला, "चाचा, आवं त्यात काय, आत्ताच बक्षीसपत्र करून टाका. हयातीत दिलं की कुणाला विचारायला नगं." मी म्हटलं, नको. कारण पुढच्या कलमात आहे.

कलम ६. हे कलम राहीलसाठी. विश्वजीतच्या मते ते मृत्युपत्रात बसत नाही.

राहील, लवण उकरलं तेव्हा मी तुला विचारलं नाही. तू दिवाळीच्या सुट्टीत आलास, तेव्हा तुझ्या दीड महिन्याच्या घामाच्या जागी पाणी होतं. तू बांधावर उभा राहून म्हणालास, "माझं काम उकरताना मला एक फोन पण केला न्हाईसा." आणि संध्याकाळच्याच गाडीने गेलास. तुझं बरोबर होतं. काम चुकीचं मी सांगितलं, तू ते मनापासून केलंस. मी तुझी माफी मागतो. माझा तुझ्यावर फार जीव आहे, हे बोलायला मला कागद लागला.

एकदा न विचारता उकरलं, आता न विचारता देणार नाही. म्हणून बक्षीसपत्र नको. तू विकायचं म्हणालास तरी तू माझाच मुलगा. फक्त एक विनंती. नाही म्हणायचं असेल तर शनिवारी सकाळी ये आणि खांबापाशी उभं राहून पोरांना सांग. अंकिता वही घेऊन असेलच. (याला कायद्यात आधार नाही, असं विश्वजीत म्हणतो. मला माहीत आहे.)

कलम ७. माझे शेजारी, निवृत्त हवालदार लालासाहेब जगदाळे, यांनी वीस वर्षं दर नांगरटीला माझा बांध कोरला. याची नोंद असावी. उकरायच्या पहिल्या दिवशी ते आले, तासभर मिशीला पीळ देत उभे राहिले आणि कोरलेला सगळा बांध परत सोडून वर स्वतःची चार फुटांची पट्टी दिली. त्यावरून आज पोरं तळ्याकडे जातात. त्यांना मी माझी लोखंडी आरामखुर्ची देणार होतो. ते म्हणाले, "मला काय नगं गड्या. काय घेतलं तर साक्षीदार हुता येत न्हाई म्हणं. मला तुज्या कागदावर सही करायची हाय." खुर्ची आजच, हयातीतच, त्यांच्या ओसरीवर पोचवली आहे. भांडण मिटलं असा याचा अर्थ नाही. कॅरममध्ये ते अजून फसवतात.

कलम ८. कफन-दफन साधं. कबर कच्ची ठेवावी. शनिवार असेल तर तळ्यावरची शाळा बंद ठेवू नये.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, विश्वजीतने पुन्हा मोठ्याने वाचला, आणि साक्षीदारांसमोर, एकमेकांच्या देखत, सही केली.

ठिकाण: डोहवाडी
दिनांक: १८ जानेवारी २०२६

याकूब बाबालाल शिकलगार (सही)

साक्षीदार:
१. लालासाहेब नाथाजी जगदाळे, निवृत्त हवालदार (सही)
२. संयोगिता ऋषिराज मोहिते, शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा (सही)

वारसांची संमती (माझ्या मृत्यूनंतर भरावी):

राहील याकूब शिकलगार: ____________

जरिना याकूब शिकलगार: ____________

टीप, माझ्याच हाताने: काल दोघांना हा मजकूर फोनवर वाचून दाखवला. जरिना म्हणाली, आत्ताच येऊन सही करते. तिला सांगितलं, दम धर, मी अजून हाय. राहीलने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं, "अब्बा, खांबाला यंदा रंग दिलाय का?" मी म्हटलं, न्हाई, लाल पट्टा पार उडालाय. तो म्हणाला, "थांबा मग. ईदला येताना मी डबा घिऊन येतो."