ओटचं दूध उतू जात नाही

रविवार, ४ मे २०२५
श्रद्धा आली होती. कोर्टाने ठरवून दिल्याप्रमाणे दहा ते सहा. आज चारलाच निघाली. कारण विचारलं तर म्हणाली, मैत्रिणींबरोबर कॅफेत आइस्ड माचा प्यायला जायचंय, ओट मिल्कवाला. माचा म्हणजे काय, हेही विचारलं. जपानी हिरवा चहा असतो बाबा, पावडरचा, तुला नाही आवडणार, म्हणाली.
रूट कॉज सापडला. मुलगी बापाला कंटाळून जात नाही, घरात माचा नाही म्हणून जाते.
परिस्थिती अशी. जुलैमध्ये तिला अठरा पूर्ण होतात. मग कोर्ट नाही, वेळा नाहीत, सगळी तिची मर्जी. कॉलेज तिने कर्वेनगरातलं ठरवलंय, माझ्या बिल्डिंगपासून चालत जाण्यासारखं. नम्रता, म्हणजे तिची आई, राहते पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, मांजरीला. तिथून रोज इथे कोण येणार? तेव्हा श्रद्धा जुलैपासून माझ्याकडे राहणार हे उघड आहे. ती तसं बोललेली नाही. काही गोष्टी बोलाव्या लागत नाहीत.
संकल्प: जुलैपर्यंत घरी कॅफेच्या तोडीचा माचा. हिंजवडीत मी प्रोसेस एक्सलन्सचा मॅनेजर आहे. एका ग्लासाचं काय मोठंसं!

बुधवार, ७ मे
पावडर आली. डबी काजळाच्या डबीएवढी. किंमत माझ्या आईला सांगितली नाही.
ट्रायल घेतली. चहा म्हटल्यावर खळखळून उकळला. आलं घातलं. चव काढ्याची. आईने स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, ताप कोणाला आलाय?

शनिवार, १० मे
श्रद्धाला दूध पचत नाही, असं नम्रताचं म्हणणं. सवयीने पचतं, असं माझं. पण ग्राहकाशी वाद घालायचा नसतो. ओट्स भिजवले, मिक्सरला लावले, आईच्या चक्क्याच्या फडक्यातून गाळले. ओटचं दूध तयार. बाटलीत भरून फ्रिजमध्ये. सोपं आहे. लोक उगाच बाऊ करतात.

रविवार, ११ मे
घरात आलेलं दूध तापवलंच पाहिजे, हा आईचा नियम. मी उठलो तेव्हा ती गॅसपाशी उभी होती, उतू जाईल म्हणून लक्ष ठेवून. ते उतू गेलं नाही, नुसतं घट्ट होत गेलं. शेवटी डाव उभा राहायला लागला. आई म्हणाली, जे दूध उतू जात नाही त्यात काही अर्थ नाही, पण खळ चांगली झाली आहे. माझे ऑफिसचे दोन शर्ट तिने त्यात बुडवले. अतिशय कडक झालेत.
श्रद्धाला माचा पाण्यातच दिला, बर्फ घालून. गुठळ्या होत्या. आईचं म्हणणं, पिठल्यासारखं आधी थोड्या पाण्यात कालवायचं. जपानी परंपरेचा पिठल्याशी संबंध नाही, हे मी तिला शांतपणे समजावलं.
श्रद्धाने दोन घोट घेतले. म्हणाली, बाबा, राहू दे ना हे सगळं, आपण बोलत बसू. मी म्हटलं, बोलायला आयुष्य पडलंय.
पाच वाजता गेली. म्हणजे गेल्या खेपेपेक्षा सुधारणा.

गुरुवार, १५ मे
गुरुवारची लाइट गेली ती संध्याकाळी आली. फ्रीजरमधला बर्फ वितळून मटारांच्या पिशवीत गेला आणि तिथेच परत गोठला. आता माचात मटार येतात. खापर माझ्यावर फोडण्यात अर्थ नाही.

रविवार, १८ मे
बदामाचं दूध. बदाम रात्री भिजवले होते. सकाळी आईने त्यातले बरेचसे सोलून स्वतः खाल्ले आणि उरलेल्यांतले काही मला दिले, बुद्धीसाठी.
जे उरले त्यांचं दूध काढलं. मिक्सर चालू असताना श्रद्धा शेजारी उभी राहून होस्टेलबद्दल काहीतरी सांगत होती. मी मान डोलावली. मिक्सर बंद केला तर गप्प झाली. कोणत्या तरी मैत्रिणीचं असणार. बिचाऱ्या मुली. गावात आपलं घर नसलं की होस्टेल नशिबी येतं.
माचा चोथ्यासकट झाला. ती म्हणाली, ठीक आहे. ती ठीक आहे म्हणते तेव्हा तिची आई आठवते. पण विषय तो नाही.

रविवार, १ जून
मधल्या रविवारी श्रद्धा आली नाही, सर्दी होती. आज नारळाचं दूध. पहिलं दूध, घट्ट, अप्रतिम. बर्फावर ओतलं तर तेल वेगळं होऊन वर कवड्या आल्या. मी कारण शोधायला फोनवर व्हिडिओ बघत बसलो. तेवढ्यात आईने उरलेल्या दुधात आमसुलं, लसूण, कोथिंबीर घातली. आजी-नात जमिनीवर बसून सोलकढी प्यायल्या. श्रद्धाने दोनदा घेतली, आणि हसत होत्या कशाला तरी. मी बाहेर गेलो तर हसणं थांबलं.
असं मध्येच कोणी प्रोसेसमधून बाहेर गेलं की रिझल्ट मोजता येत नाही. आईला तसं बोललो. ती म्हणाली, सुदर्शन, पोरगी सहापर्यंत बसली, हा रिझल्ट नव्हे का?
पण माचाने नव्हे ना.

शनिवार, ७ जून
मागची खोली श्रद्धासाठी रिकामी केली. ट्रेडमिल विकायला काढली. तशीही तिच्यावर टॉवेलच वाळायचे. भिंतींना हिरवा रंग दिला. पेंटर म्हणाला, दवाखाना काढताय का साहेब? आईने विचारलं, तिला विचारलंस का? सरप्राइज विचारून देत नाहीत, हे आईला या वयात काय सांगणार.

रविवार, १५ जून
खोली दाखवली. श्रद्धा दारातच उभी राहिली. रंग छान आहे म्हणाली. मग म्हणाली, मी मागेच सांगितलं होतं बाबा, मला होस्टेल मिळालंय. तुझ्या मागच्याच गल्लीत.
मी विचारलं, आईने शिकवलं का? नाही म्हणाली. आईही रागावली आहे. श्रद्धाचं म्हणणं असं: शाळेपासून दर रविवारी दिवसभराची बॅग भरतेय. तिकडे इकडचं बोलायचं नाही, इकडे तिकडचं. मला एकदा एकाच जागी राहून बघायचंय, जी तुमच्या दोघांपैकी कोणाचीच नाही.
हे बोलताना ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं, मला काहीतरी करता आलं असतं. मी विचारलं, माचा करू का? हो म्हणाली. सोयाचं दूध होतं. घरभर उग्र वास आला. तिने सगळा ग्लास संपवला, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.
रात्री विचार केला. घाबरण्याचं कारण नाही. हा ट्रायल पीरियड आहे.

रविवार, २२ जून
होस्टेल बघायला गेलो. ऑडिटरच्या नजरेने पाहिलं. खोलीत तिघी. खिडकी जिन्याकडे. मिक्सर वापरायला बंदी, फ्रिज एकच, सामायिक. म्हणजे माचा अशक्य. पंधरा दिवसांत परत येईल. होस्टेलच्या मॅडमना मी विचारलं, मध्येच सोडलं तर डिपॉझिट परत मिळतं का? श्रद्धाने खाली बघितलं.

शनिवार, ५ जुलै
गुरुवारी अठरा पूर्ण झाली. फोन केला तेव्हा कॉरिडॉरमध्ये खूप मुली ओरडत होत्या. थँक्यू बाबा, नंतर बोलते, म्हणाली. नंतर म्हणजे नक्की कधी ते बोलली नाही.
उद्या रविवार. कोर्टाने न सांगितलेला पहिला. उद्या ती स्वतःहून येणार, त्याची किंमतच वेगळी.

रविवार, ६ जुलै
मेसेज: आज मुलींबरोबर सामान आणायला जातेय, पुढच्या आठवड्यात नक्की. बरोबर आहे. नवीन ठिकाणी बादली, हँगर लागतात.

रविवार, १३ जुलै
आज जमलं. पावडर आधी थोड्या कोमट पाण्यात कालवली, मग बांबूच्या ब्रशने घोटली. एक गुठळी नाही. ओटचं दूध आईच्या नजरेआड ठेवलं होतं. बर्फात मटार नाहीत. काचेच्या ग्लासात खाली पांढरं, वर हिरवं, कॅफेत असतं तसंच. फोटो पाठवला.
तिने हिरवा बदाम पाठवला. बदाम म्हणजे ते हृदयाचं चिन्ह. त्याखाली: सॉरी बाबा, असाइनमेंट आहे.
ग्लास फ्रिजमध्ये ठेवला. संध्याकाळी पांढरं आणि हिरवं एकत्र झालं होतं.

रविवार, २० जुलै
मेसेज नाही. मी केला नाही. अकरा वाजता दूध गाळलं. बारा वाजता गॅलरीत गेलो. होस्टेल इथून दिसत नाही, फक्त त्यांची वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी दिसते. त्यावरचा एक कुर्ता तिचा असावा. नक्की सांगता येत नाही. तिचे नवे कपडे मी पाहिलेले नाहीत.
माचा, ओट, बर्फ, सगळं ओट्यावर तयार आहे. आता त्यात सुधारण्यासारखं काही उरलेलं नाही.
ती यायची कारण तिला यावं लागायचं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी ते कधी लिहिलं नव्हतं.
आईने जेवायला हाक मारली. आज तिने पानं घेतली आहेत. दोनच. मला विचारलं नाही.