आईची चिमूट

कोपरी, ठाणे
५ ऑगस्ट २०२४

ती. हेमाताईस सा. न., वि. वि.

परवा डॉक्टरांकडे गेलेलो. एचआयव्ही अकरा वर्षं गोळ्यांनी गप्प बसलाय, पण आताच्या गोळीने मूत्रपिंड दमलंय. म्हणून अबाकावीर नावाची दुसरी गोळी द्यायचा विचार आहे. आधी रक्तातला कुठलातरी जनुक तपासणार; रिपोर्टला तीन आठवडे. आमच्या एचआयव्हीवाल्यांच्या गटातल्या सॅव्हियोला हीच गोळी छान मानवली, त्याने मला चार दिल्यात. म्हटलं आईसारखं करावं: नवीन काही असलं की आधी चिमूटभर, मग तासभर वाट. १८ तारखेच्या रविवारी पाव गोळी घेऊन बघतो. भाऊजींना नमस्कार.

तुझा विनीत

डोंबिवली पूर्व
९ ऑगस्ट

चि. विनीतास अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू हो हो म्हणून मनाचंच करतोस, कागदावर अजून खोटं बोलला नाहीस, म्हणून लिहितेय. सुभाषित घालत नाही, तुला झोप लागते.

आईने वांग्याची चिमूट मला दिली, माझे ओठ खाजले, आणि वांगं तुझंही दहा वर्षं बंद झालं. एवढंच ते शास्त्र. आता सॅव्हियोच्या पोटावरून तू आपला निकाल लावतोयस. त्याला फोन केला. त्याची चाचणी आधीच झालेली, जनुक नाही म्हटल्यावरच गोळी मिळाली. हे सांगायला विसरला म्हणून माझी चार वाक्यं ऐकली बिचाऱ्याने. त्याच्या डॉक्टरांनी बजावलेलं: जनुक असेल तर ताप-पुरळ कधी काही आठवड्यांनीही येतो, आणि गोळी थांबवून पुन्हा घेतली तर जिवावर बेतू शकतं. तुझा तो तास काय सिद्ध करणार?

चारही गोळ्या उलट टपाली पाठव. भाऊ एकच आहे, तो चाखून बघण्यातला नाही.

ताई

कोपरी
१४ ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

सोबत गोळ्या. तीन अख्ख्या, एकीचे चार तुकडे. तयारी म्हणून आधीच कापून ठेवलेली, पण तोंडात गेलेली नाही. जोडून बघ.

एक विचारतो. जनुक निघाला तर माझ्यासाठी दुसरं काही उरतं का? घाई त्या भीतीपोटी केलेली. डॉक्टरांना विचारायचा धीर झाला नाही.

विनीत

डोंबिवली पूर्व
३० ऑगस्ट

चि. विनीतास आशीर्वाद.

काल फोनवर जनुक आहे म्हणालास आणि इतका वेळ गप्प बसलास की तुझ्या भाऊजींनी माझ्यासाठी पाणी आणलं. डॉक्टरांकडे तुझ्यासाठी दुसऱ्या गोळ्या आहेत आणि सोमवारपासून सुरू होताहेत, हे मग पुटपुटलास. अरे, असलं वाक्य आधी म्हणायचं असतं. तीस वर्षं मुलांना संस्कृत शिकवलं, सख्ख्या भावाला वाक्यांचा क्रम शिकवायचा राहिला.

ती गोळी तुला जन्मभर वर्ज्य. तसा कागद पाकिटात ठेव, प्रत्येक डॉक्टरला दाखव. अख्ख्या तीन सॅव्हियोला परत दिल्या. चार तुकडे तुझं पत्र आलं त्याच दिवशी टेबलावर जोडून पाहिले होते. पूर्ण गोळी झाली. मगच मी जेवले.

पुढच्या रविवारी ये. वांग्याचं भरीत करतेय. मी नुसती बघेन, तू ताटभर खा.

लोभ आहेच, तो तुला चाचणीशिवाय मानवतो.

ताई