पीठ आंबट होतं

४ सप्टेंबर, सोमवार

पहिल्याच गावात माशी शिंकली! चीज असं ताणलं गेलं की ताईने खुर्ची मागे ओढली तरी तार तुटेना. खालचा पाव भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा. मालक टेबलापाशी हात बांधून उभा, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखा. "कसा आहे, मॅडम?"

मी म्हटलं, "गरम आहे."

खूश झाला बिचारा!

लॉजवर येऊन लिहिलं: 'या पिझ्झ्यात मनापासून केलेली गोष्ट एकच, खोक्यावरचं चित्र.' पाठवलं. संपादकांचा लगेच फोन. हसता हसता ठसका लागला त्यांना. "अशीच धार ठेवा, बाई. लोक तुमचं सदर भूक लागली म्हणून वाचत नाहीत. कुणाची तरी कत्तल बघायची असते त्यांना."

तर पंधरा दिवस, अकरा गावं, अकरा पिझ्झे. गाडी ताई चालवते. ताई म्हणजे माझी मावसबहीण, सहा वर्षांनी मोठी. नवरा गेल्यापासून तिला घरी करमत नाही आणि मला गाडी येत नाही, म्हणून आमचं जमतं. बाकी काही जमत नाही. तिला सगळंच आवडतं. पुढ्यात पुठ्ठा ठेवला तरी म्हणेल, "कुरकुरीत आहे हं!"

५ सप्टेंबर, मंगळवार

दोन दुकानं. पहिलं बंद होतं. दुसरं बंद असायला हवं होतं.

७ सप्टेंबर, गुरुवार

चार टेबलांचं दुकान. नवरा-बायको, दोघंही तिशीच्या आतले. नवरा भट्टीवर, बायको बाहेर. सातवा महिना असावा तिला. एक हात कमरेवर, एका हातात थाळी. भिंतीवरची यादी तिनेच रंगवलेली, प्रत्येक पिझ्झ्यापुढे एक फूल. ताई फुलांवरच भाळली.

पिझ्झा मध्ये कच्चा. बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला.

बायको म्हणाली, "काही चुकलं असेल तर सांगा ना. आम्ही अजून शिकतोय."

मला माहीत होतं काय चुकलंय. भट्टी पुरती तापायच्या आधीच थाळी आत सारत होते, घाई घाई. अर्धा तास थांबले असते तर काम झालं असतं. एका वाक्याचं काम! नाही सांगितलं. "छान छान," म्हटलं आणि उठले.

छापलं: 'नवरा भाजतो, बायको हसते. दोघांनी कामं बदलून पाहावीत. पिझ्झा हसण्यावारी जातोच आहे, निदान भाजला तरी जाईल.'

ताईने गाडीत वाचलं. बराच वेळ आरसा नीट करत बसली. मग म्हणाली, "तोंडावर सांगितलं असतंस तर पोरगी सुधारली असती."

"मी शिकवणी घेत नाही."

"नको घेऊस. पण इतकं लागेल असं कशाला?"

लागावं म्हणूनच लिहिते. हे तिला कोण समजावणार?

९ सप्टेंबर, शनिवार

ताईने त्या पोरीला फोन केला! माझ्या नकळत. भट्टी जास्त वेळ तापवायचं सांगितलं म्हणे. मीच परवा गाडीत बडबडले होते, ते तिने लक्षात ठेवलं. पोरगी रडत होती. दोन दिवस गिऱ्हाईक नाही. येतात ते दाराबाहेर उभं राहून फोटो काढतात आणि जातात.

मी म्हटलं, "माझ्या कामात नाक खुपसू नकोस."

ती म्हणाली, "बरं."

तिचं 'बरं' मला लहानपणापासून सहन होत नाही.

१० सप्टेंबर, रविवार

संपादकांनी यादीत बदल केलाय. नववं दुकान वगळलं, त्याजागी दुसरं. नाव दोनदा वाचलं.

उस्तादांचं दुकान.

मला वाटलं होतं म्हातारा गेला असेल एव्हाना. आहे! ऐंशी पार. अजून स्वतः पीठ मळतो, असं संपादक कौतुकाने सांगत होते. त्यांना काय माहीत!

आजवर कुणाला सांगितलेलं नाही, इथेही लिहिलेलं नाही. तर लिहूनच टाकते. तेवीस वर्षांची होते. तीन वर्षं त्यांच्या हाताखाली. पहाटे पीठ, दुपारी भट्टी, संध्याकाळी फरशी. बोटांची सालं निघायची. उस्ताद कधी ओरडले नाहीत. नुसते बघायचे. मी थापलेली पिठाची चकती उचलायचे, बाजूला ठेवायचे, पुन्हा थापायचे. रोज. तीन वर्षं!

एके दिवशी ती चकती त्यांनी सगळ्यांसमोर उजेडात धरली. आठ माणसं होतो स्वयंपाकघरात. म्हणाले, "हे हात पिठाचे नाहीत. हिला इथे ठेवणं म्हणजे हिची वर्षं खाणं. उद्यापासून येऊ नकोस, बाळ."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

बाळ म्हणे!

अठ्ठावीस वर्षं झाली. वाचणाऱ्यांना वाटतं बाईचा स्वभावच तिखट आहे. स्वभाव कसला? मी वाट बघत होते.

१२ सप्टेंबर, मंगळवार

आजचा बरा होता. तसं लिहिलं नाही.

१४ सप्टेंबर, गुरुवार

भेटले.

सकाळी केस वर बांधले, तेव्हा बांधायचे तसेच. ताई म्हणाली, "आज काय विशेष? वय दिसतंय त्यात." दिसू दे.

दुकान तसंच. भिंतींना नवा रंग, टेबलं जुनी. वाढायला त्यांची मुलगी, आता चाळिशीची, चष्मा केसांत खोचलेला. मी काम सोडलं तेव्हा ती शाळेत होती, तिने ओळखायचा प्रश्नच नव्हता. म्हातारा भट्टीपाशी. पाठीचं धनुष्य झालंय. पण पिझ्झ्याचं लांब दांड्याचं फावडं आत सारताना मनगटाचा तोच झटका.

मी मुद्दाम भट्टीसमोरची खुर्ची घेतली.

पिझ्झा ते स्वतः घेऊन आले. थाळी ठेवली. माझ्याकडे पाहिलं, चांगलं रोखून.

"पाणी थंड देऊ की साधं, बाई?"

बाई! बस्स. एवढंच!

खाल्लं. इथे खोटं लिहून काय मिळणार आहे? पहिल्या घासाला डोळे मिटले. कड फुगलेली, वरून कडक, आत ढगासारखी. पिठाला स्वतःचा गोडवा, भाकरीच्या पापुद्र्यासारखा धुराचा वास. टोमॅटो, चीज, तेल, मीठ. आणखी काही नाही. काही लागतही नाही. पंचवीस वर्षं गावोगाव खात फिरतेय, असं पीठ दुसरं नाही. ताईचीसुद्धा बोलती बंद! मी कडेचा तुकडा ठेवला नाही. थाळीत पडलेलं तेल बोटाने पुसून खाल्लं.

उस्ताद परत आले, हात पुसत. टोमॅटोचं विचारलं नाही, चीजचं विचारलं नाही.

"पीठ कसं लागलं?"

"लिहीन," मी म्हटलं.

"लिहा. जसं असेल तसं लिहा." आणि गेले. वळूनही पाहिलं नाही.

ओळखलं नाही! अठ्ठावीस वर्षं मी उत्तर तयार ठेवलंय आणि या माणसाला आठवतच नाही की त्याने काही म्हटलं होतं. त्याच्या लेखी मी कुणीतरी बाई. थंड की साधं!

१५ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळपासून तीन कागद फाडले. पहिल्यात खरं लिहिलं होतं. वाचलं आणि माझीच मला कीव आली. त्यांनी हाकलून दिलेली पोरगी म्हातारपणी येऊन त्यांच्या पाया पडते, असं वाटत होतं ते. दुसऱ्यात शिव्या होत्या. शिव्या कुणीही देतं. तिसऱ्यात वाह्यात विनोद.

चौथ्यात फक्त पिठाबद्दल लिहिलं. त्यांना दुसरं कुठे लागणार?

'पीठ आंबट होतं. फार नाही, पण नको तितकं. आंबवण्याचा अंदाज चुकला की असं होतं, आणि अंदाज चुकला हे करणाऱ्याला कळेनासं झालं की भट्टी विझवायची वेळ झालेली असते. इतक्या वर्षांचं नाव आहे, म्हणून कुणी बोलत नसेल. मी बोलते.'

एकही चढा शब्द नाही. आजवरचं माझं सगळ्यात चांगलं लिखाण. पाठवलं आणि दुपारी गाढ झोपले.

१६ सप्टेंबर, शनिवार

ताईने पेट्रोल पंपावर वाचलं. फोन माझ्या मांडीवर टाकला.

"आंबट होतं?"

मी फोन पालथा घातला.

"मी समोर बसले होते गं तुझ्या! बोटं चाटलीस तू! तुला असं खाताना मी लग्नाकार्यातसुद्धा पाहिलं नाही!"

मग मी सांगितलं सगळं. तीन वर्षं, ती चकती, ती आठ माणसं. वाटलं, आता तरी जवळ घेईल. मोठी आहे ना!

तिने शांतपणे ऐकलं. म्हणाली, "त्यांनी तुला तुझ्याबद्दल खरं ते सांगितलं. तू त्यांच्याबद्दल खोटं छापलंस. यात फिटंफाट कुठे झाली?"

"तुला नाही कळायचं. तुला आयुष्यात कुणी नालायक ठरवलं नाही, कारण तू काही करायलाच गेली नाहीस. नवऱ्याला खायला घातलंस आणि तो गेला की बसलीस."

बोलून गेले. खरं सांगायचं तर बोलून गेले नाही, बोलले. कुठे लागेल ते बघून बोलले.

तिने गाडी बसस्थानकापाशी थांबवली. माझी बॅग स्वतः उतरवून दिली. पाण्याची बाटलीही दिली, झाकण घट्ट करून. "उरलेली दोन गावं बसने कर," म्हणाली. रडली नाही. आरसा नीट केला आणि गेली.

१७ सप्टेंबर, रविवार

दहावं गाव. बसमध्ये शेजारी खोकणारा माणूस. पिझ्झा चांगला की वाईट, आठवत नाही. वाईट लिहिला.

१८ सप्टेंबर, सोमवार

संपादक हवेत आहेत! उस्तादांवरचा लेख आजवर सगळ्यात जास्त वाचला गेला. पत्रांचा पाऊस. एक गृहस्थ वीस वर्षं दर शनिवारी सहकुटुंब तिथे जातात. लिहितात: 'आम्हालाही आंबटच लागायचं, पण बोलायचा धीर होत नव्हता. तुम्ही तोंड उघडलंत, आभार.'

वीस वर्षं! आंबट लागायचं म्हणे!

खूप हसले. मग हसणं थांबेना, तेव्हा तोंडावर पाणी मारलं.

ताईला फोन केला. उचलला नाही.

२० सप्टेंबर, बुधवार

उस्तादांच्या मुलीचा फोन. संपादकांकडून नंबर घेतला तिने. मी भांडायच्या तयारीत होते. ती भांडली नाही.

"बाबांनी विचारायला सांगितलंय, आंबट म्हणजे किती? तुमचं वाचल्यापासून ते तीन वेळा पीठ करून बघताहेत. मला आंबट लागत नाही, त्यांनाही लागत नाही. म्हणतात, म्हणजे माझी जीभ गेली. काल भट्टी विझवायला लावली."

मी म्हटलं, एका बाईच्या लिहिण्यावर इतका विश्वास?

"एका बाईच्या कशाला? तुम्ही दारातून आत आलात तेव्हाच ओळखलं त्यांनी. मला म्हणाले, गप्प राहा, ओळख दाखवली तर तिला खरं लिहायला जड जाईल. म्हणतात, हिच्यासारखी जीभ मी दुसरी पाहिली नाही. हिला आंबट लागलं म्हणजे आंबटच."

मागून म्हाताऱ्याचा आवाज आला, "विचारलंस का? किती म्हणते?"

मी म्हटलं, "थोडं."