माझ्या आवाजानं दिलेली जबान

३ एप्रिल, गुरुवार

आज पुन्हा बोलायला बसवलं. बुद्धप्रिया मोबाईल माझ्या तोंडासमोर धरून बसली. ही माझी नात — विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनेर झाली आन् नोकरी सोडून आमच्याच मसाल्याच्या दुकानाला लागली. कागदावरचं वाच म्हणे. "आमचा येसर मसाला घरच्या पद्धतीनं भाजलेला असतो." वाचलं. म्हणली, आजी, जरा हसून वाच. म्हणलं, मोबाईलला माझे दात दिसतेत का? तर म्हणे, आवाजात हसू ऐकू येतं.

हा आवाज मशीनला शिकवणार. मंग गिऱ्हाइकाचा फोन आला की मशीनच माझ्या आवाजात बोलणार. दमणार न्हाई, पाणी मागणार न्हाई, कोणाला शिवी देणार न्हाई. म्हणलं, मंग मला कशाला ठेवून राहिलात घरात?

६ एप्रिल

नवं पाकीट आलं. वर एक आजी हाय. मी न्हाई! कंप्युटरनं काढलेली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, नाकात नथ, गाल टमाट्यावानी. आमच्या घरात कोणी कुंकू लावलेलं बघितलं का त्या कंप्युटरनं? आन् हात बघावेत तिचे — लोण्याचे! हिनं जन्मात मिरची कांडली न्हाई. बुद्धप्रिया म्हणली, लोकांना आजी अशीच आवडते. आनंदराजकडं बघितलं. पोटचा पोरगा माझा — खाली मान घालून पाकिटाला चिकटपट्टी लावत बसला.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणूक बघून पाय सुजले. सगळं नांदेड रस्त्यावर, दुकान मशीननं सांभाळलं. तिला सुट्टी न्हाई.

२० एप्रिल

ऑर्डरी वाढल्या, खोटं कशाला लिहू. पुण्याहून येतेत, हैद्राबादहून येतेत. भाजायला ड्रम, कांडायला मशीन, पाकीट बंद करायला मशीन, आता बोलायलाबी मशीन. मी दारात खुर्ची टाकून बसते. येणारी जाणारी माणसं विचारतेत, आजी बरं हाय ना? बरंच हाय. करायला काय हाय दुसरं!

गावी उमरीत उसंत नव्हती. मी आन् केवळा, एका गल्लीतल्या. एक उखळ, दोन मुसळं. तिचं वर गेलं की माझं खाली. तोंड चालू, मिरचीनं नाकाडोळ्याला धार लागलेली, पण मुसळाला मुसळ कधी लागलं न्हाई. लग्नसराईत तर येसराच्या वासानं गल्लीतली कुत्रीसुदिक शिंकायची. हरभऱ्याची डाळ, बाजरी, गहू, धने — एकेक वेगळं भाजायचं, मंग कांडायचं. लग्नघरची आमटी त्याच्यावरच उभी राहते. मंग टोपली डोक्यावर घेऊन गल्लोगल्ली. केवळा हाळी द्यायची, मी भाव करायची.

एक मास्तरीण होती. दर साली घासाघीस, दर साली मसाल्याला नावं. एकदा म्हणलं, बाई, तुमच्या हातची आमटी खाल्ली मी, त्यात मसाल्याचा काही गुन्हा न्हाई. केवळा टोपलीसकट खाली बसली हसत. मास्तरीण महिनाभर बोलली न्हाई. पण मसाला माझ्याचकडून! कारण वजनाला काटा नसला तरी चालायचं, जबान लागायची. आज देते म्हणलं की आज. न्हाई म्हणलं की न्हाई.

आनंदराजनं नांदेडला दुकान टाकलं तवा केवळाला म्हणलं, चल संगं. म्हणली, गाव सुटत न्हाई पारू. बरं. तिनं गाव धरलं. आता दुकानाच्या नंबरावर फोन करते — नातू झाला ये, घर बांधलं ये. मी गुडघ्याचं नाव सांगते. गुडघे दुखतेत हे खरंच हाय. पण मी बोलवलं तवा ती आली का? मंग मी का जाऊ?

केवळाचा फोन आताशा येत न्हाई. दमली असंल.

२ मे

डोकं तापलं हाय.

दुपारी बुद्धप्रिया मशीनचे फोन ऐकवत होती. सगळे भरून ठेवतेत म्हणे. आजी, कुठं चुकते सांग, म्हणली. चुकत काय न्हाई, नुसती लाडात येते. एक पुण्याची बाई म्हणली, मसाला लई तिखट लागला. मी असते तर विचारलं असतं, चमचा घातला का वाटी? ही म्हणते, ताई, तुमच्या प्रेमामुळंच आम्ही आहोत. माझा आवाज! अंगावर पाल पडल्यावानी झालं.

मंग एक फोन लागला आन् मी खुर्चीतून उठले.

"कोण, पारू का?"

केवळा! तिचा आवाज मातीखालून काढला तरी वळखीन.

"नमस्कार ताई, आजी बोलते. काय सेवा करू तुमची?"

केवळा खाकरली. मंग म्हणली, "नातीचं लग्न हाय. दहा तारखेला, शनिवारी, येसर भाजायचा, कांडायचा. हातानं. येशील का?"

"हो ताई, नक्की येईन."

"जबान दिलीस बरं का."

"हो ताई, जबान दिली."

बुद्धप्रियाला कळंना मला काय झालं. नुसतं म्हणे, आजी, बस, बस.

केवळाला कळलं कसं न्हाई? मी तिला जन्मात ताई म्हणले का? म्हातारी झाली, कान गेले असतील. आता बसंल शनिवारी उंबऱ्यात, माझी वाट बघत.

५ मे

घरात सगळ्यांचं एकच. बुद्धप्रिया म्हणली, आजी, ते मशीन हाय, कोणालाबी हो म्हणतं, कोणी मनावर घेत न्हाई. आपण माफीचा मेसेज टाकू आन् अर्धा किलो येसर फुकट पाठवू. केवळाला येसर पाठवायचा! तेबी ड्रममधला! तव्यावर धने कवा उतरवायचे हे मला तिनं शिकवलं. आनंदराज म्हणला, तूच फोन करून सांग ना, जमत न्हाई म्हणून. मोबाईल घेतला हातात. ठेवून दिला. काय सांगू? केवळा, ती जबान माझी नव्हती, आवाज तेवढा माझा होता? दोन तपं एका उखळात कांडलं तिच्या संगं. तिला असं सांगू?

बुद्धप्रिया रडवेली झाली. म्हणली, तुझ्यासाठीच केलं सगळं, तुझं नाव व्हावं म्हणून. पोरगी खोटं बोलत न्हाई. दुकान तिनंच वर काढलं. मी म्हणलं, तुझं मशीन चालू दे. पण त्यानं माझ्या तोंडानं जे कबूल केलं, ते मला फेडावं लागंल.

७ मे

गुडघ्याला तेल लावलं. दोनदा.

१० मे, शनिवार

उमरी.

आनंदराजनं गाडीत बसवून दिलं. मुदखेड गेलं की खिडकीतून गरम वारा, तोच. गाव बदललं, पण केवळाची गल्ली नाकानं सापडली. ती उंबऱ्यातच बसली होती. लई वाळली. मला बघून म्हणली, आलीस? म्हणलं, दिसून राहिले न्हवं. एवढंच.

आत उखळ धुऊन ठेवलेलं. दोन मुसळं भिंतीला टेकवलेली. तिच्या सुना गिरणीत द्या म्हणत होत्या, तिनं ऐकलं न्हाई.

डाळ मी भाजली, धने तिनं. कांडायला उभ्या राहिलो तर पहिल्याच घावाला मुसळावर मुसळ बसलं! जन्मात पहिल्यांदा. केवळा म्हणली, नांदेडला जाऊन हात गेला तुझा. म्हणलं, माझा हात गेला, तर तुझे कान गेले. तिनं नुसतं मुसळ उचललं. मंग हळूहळू लागलं. तिचं वर, माझं खाली. तिच्या नाती दारात उभ्या राहून मोबाईलवर व्हिडिओ काढून राहिल्या. मी म्हणलं, काढा, पण आवाज घेऊ नका.

११ मे

सकाळी चहा पिताना केवळाला हळूच सांगितलं, तो फोन माझा नव्हता म्हणून. म्हणली, "मला 'काय सेवा करू'लाच कळलं होतं. तू कोणाची सेवा करशील! पण तुला सहा वर्ष इचारून राहिले, तू न्हाई म्हणतेस. तिला एकदा इचारलं, ती हाव म्हणली. मंग म्हणलं, हिच्याचकडून जबान घ्यावी."

मला कळंना हसू का मुसळ घालू हिच्या डोक्यात.

परतीची गाडी आजचीच होती. आनंदराजला ठेसनावर बोलवायला पाकिटावरचा नंबर लावला, दुसरा पाठ न्हाई. माझ्याच आवाजात नमस्कार आला. मी बोलायच्या आत केवळानं मोबाईल वढून घेतला आन् म्हणली, "ताई, पारू लग्न होस्तोवर हितंच हाय. तवर दुकान तूच बघ."

ती हाव म्हणली.